‘नो कम्प्लेंट’ आणि माझा उजवा गुडघा

डॉक्टरांनी माझी टाच एका हातात धरली, दुसरा हात गुडघ्यावर ठेवला आणि पाय पिळत पिळत सरळ केला. आतून ‘कट्’ असा आवाज आला. त्यावर मी आमच्या गावच्या भाषेत जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टर केरळचे, त्यांना शब्द कळले नसणार. सूर मात्र कळला असावा, कारण त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा एकदा केलं.

“कार्टिलेज फाटलंय,” ते म्हणाले. “ऑपरेशन करावं लागेल. दोन आठवड्यांच्या आत या.”

कार्टिलेज म्हणजे कूर्चा. गुडघ्याच्या दोन हाडांच्या मध्ये तिची चंद्रकोरीच्या आकाराची गादी असते. ती फाटली की फाटका तुकडा हाडांच्या मध्ये जाऊन बसतो आणि पाय जिथे असेल तिथे अडकतो. याला ते ‘लॉक्ड नी’ म्हणतात. दाराच्या फटीत खडा अडकला की दार उघडतही नाही आणि मिटतही नाही, तसं. तीन आठवडे माझं तेच चाललं होतं आणि मी खोबरेल तेल चोळत बसलो होतो.

मग डॉक्टरांची नजर खाली माझ्या बुटांवर गेली. डाव्या बुटाला चांभाराकडून जाड तळ लावून घेतलेला आहे. हा पाय कधी आखूड झाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्या मोठ्या लढाईत, इटलीमध्ये, तोफगोळ्याचा तुकडा लागून नडगी मोडली आणि ती नीट जुळली नाही. त्यांनी माझ्या दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. मग म्हणाले, “म्हणजे वीस वर्षं तुम्ही सगळा भार उजव्यावर टाकून चालताय. डाव्या पायाने उजवा खाल्ला तुमचा.”

पुढे ते ऑपरेशनचं बरंच काही सांगत होते. मी ऐकत नव्हतो. ‘डाव्याने उजवा खाल्ला’ हे एकच वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. वीस वर्षांत हे मला सांगणारा हा पहिला माणूस. गावात बायकोपासून मशिदीतल्या बुजुर्गांपर्यंत सगळे हेच म्हणत आले की दाऊदला लागलंय डाव्या पायाला, मग उजवा धरून कशाला कण्हतो. सोंग करतो, असंही दोघातिघांनी म्हटलं. त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

हे सगळं का लिहितोय ते आधीच सांगतो. माझ्यासारखे जुने फौजी इकडे खाडीच्या देशात पुष्कळ आहेत. कुणाची पाठ, कुणाचा कान, कुणाचा पाय. एका दुखण्याच्या पोटी दुसरं दुखणं निघालं, त्याचा दावा लावायचा आहे आणि त्याच वेळी डॉक्टर ऑपरेशन म्हणतोय, अशा कोंडीत तुम्ही सापडलात तर आधी हे वाचा. मी शहाणपणा शिकवत नाहीये. मी केलेला मूर्खपणा सांगतोय.

दुबईत रुपये बंद होऊन रियाल आले त्याच्या आदल्या सालची, म्हणजे पासष्टची गोष्ट. मी इथे देऱ्याच्या धक्क्यावर टॅली क्लार्क होतो. गलबतं लागली की फळीवरून चढून आत जायचं, तांदळाची पोती उतरताना एकेक मोजायचं आणि पाटीवर खुणा करायच्या. सकाळी उभा राहिलो की दुपारच्या अजानीपर्यंत उभाच. एके दिवशी फळीवरून उतरताना पाय तसाच राहिला आणि अंग वळलं. झालं एवढंच. पडलोसुद्धा नाही. पण संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

गुडघा गेला तर फळी चढणं गेलं, आणि फळी चढता येत नसेल तर धक्क्यावर मला ठेवून कोण घेतंय? परत गावी जायचं आणि डाव्या पायाच्या पेन्शनवर दिवस काढायचे. ते पेन्शन म्हणजे नसल्यात जमा. त्यामुळे डॉक्टरांचं वाक्य ऐकून मी हरखलो ते उगीच नाही. उजवा पायसुद्धा लढाईच्या खात्यात जातो, हे सरकारने मान्य केलं तर म्हातारपणाची सोय झाली. आणि गावातल्या त्या दोघातिघांची तोंडं कायमची बंद.

आम्ही एका गावचे अकरा जण एका खोलीत राहत होतो. त्यांतले सत्तारभाय पलटणीच्या हापिसात कारकून होते. गोळीचा आवाज त्यांनी कधी ऐकला नाही, पण फायलींतलं सगळं ठाऊक. देऱ्यातले सगळे फौजी अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. मी इस्पितळातून लंगडत आलो, बाजेवर बसलो आणि सगळं सांगितलं. सत्तारभायांनी विडी विझवली.

“ऑपरेशन करू नकोस,” ते म्हणाले. “आधी बोर्ड, मग सुरी.”

त्यांचं गणित सोपं होतं. अशा दाव्याला सेकंडरी म्हणतात. म्हणजे पहिल्या दुखापतीमुळे दुसरीकडे झालेली इजा. ती पाहायला मेडिकल बोर्ड बसतं, म्हणजे मिलिटरी डॉक्टर तपासतात आणि टक्के ठरवतात. आता ऑपरेशन करून तुकडा काढून टाकला आणि गुडघा बरा झाला, तर बोर्डाला दाखवणार काय? एक व्रण. ते लिहून मोकळे होतील की पाय ठीक आहे. तेव्हा गुडघा आहे तसा ठेवायचा, बोर्डाला दाखवायचा, कागद हातात पडला की खुशाल कापून घ्यायचा. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते अक्कलहुशारीचं वाटलं.

दोन आठवड्यांनी मी इस्पितळात गेलो ते ऑपरेशनला नाही, तर सर्टिफिकेट मागायला. डॉक्टरांनी विचारलं, सामान कुठे आहे? मी म्हटलं, ऑपरेशन नंतर करू, आधी माझा दावा आहे, तुम्ही फक्त लिहून द्या. त्यांचा चेहरा उतरला नाही, आवाज चढला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. तो तुकडा आत राहिला तर प्रत्येक वेळी अडकताना हाडावरचा गुळगुळीत थर खरवडत जाईल, ते म्हणाले, आणि तो थर एकदा गेला की कुठलाही सर्जन तो परत आणून देऊ शकत नाही. मी म्हटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ते म्हणाले, “सरकारचे दोन महिने मी पाहिलेत.”

मग त्यांनी लिहायला घेतलं. डॉक्टरांचं अक्षर तुम्हाला माहीत आहे, मुंग्यांची रांग. पण शेवटची ओळ त्यांनी मुद्दाम स्वच्छ लिहिली आणि कागद माझ्याकडे फिरवला. टॅली क्लार्कला एवढं इंग्रजी येतं. लिहिलं होतं की रुग्णाला ऑपरेशनचा सल्ला दिला, रुग्णाने पेन्शनच्या कारणासाठी नकार दिला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कागद बोर्डासमोर ठेवायचा? म्हणजे मीच लोभी ठरणार. मी म्हटलं, ही ओळ काढा. ते म्हणाले, जे घडलं ते लिहिलंय. मी त्यांना टाकून बोललो, तुम्ही फौजेत नव्हता, तुम्हाला काय कळणार, वगैरे. त्यांनी घंटी वाजवून पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. कागदाची घडी घालून मी तो खिशात कोंबला आणि बाहेर आलो. पुन्हा उघडून पाहिला नाही. सत्तारभायांना शेवटची ओळ काय ती सांगितली. ते म्हणाले, हा कागद पेटीत पुरून टाक.

अर्ज बोटीने मुंबईला गेला. मग वाट बघणं सुरू झालं.

आजारपणात दुखण्यापेक्षा वाट बघणं वाईट असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांचा गुडघा कधी अडकलेला नसतो. पहिल्या महिन्यात माझा पाय आठवड्यातून एकदा अडकायचा. तिसऱ्या महिन्यात दिवसाआड. एकदा नमाजात बसलो तो उठताच येईना. नमाज संपली, जमात सलाम फिरवून उठून गेली आणि मी तिथेच, एक पाय दुमडलेला. मौलवींनी आणि आणखी एकाने मला काखेत धरून उभं केलं. एकदा खाडी ओलांडताना अब्र्यात पाय अडकला. अब्रा म्हणजे ती छोटी होडी. सगळे उतरले, नावाडी ‘यल्ला, यल्ला’, चला चला, करत ओरडतोय आणि मी फळकुटावर बसून दोन्ही हातांनी स्वतःचा पाय हलवतोय. संडासातली गोष्ट सांगत नाही. ज्याला उकिडवं बसावं लागतं त्याला ती कळेल.

सूज फार वाढली की इस्पितळात जाऊन पाणी काढून घ्यायचो. याला ॲस्पिरेशन म्हणतात. जाड सुई गुडघ्यात खुपसून पिवळं पाणी ओढून काढतात. त्यासाठी बाहेर बाकावर सकाळपासून बसायचं. शेजारी इराणी, बलुची, ओमानी, सगळ्या मुलखांचे आजारी, आणि प्रत्येक जण आपलं दुखणं आपापल्या भाषेत दुसऱ्याला सांगतोय. मला कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. डॉक्टर पाणी काढायचे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचे, “कागद आला?” मी मान हलवून नाही म्हणायचो. त्यापलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं. मला त्यांचा राग होता आणि त्यांनी माझी आशा सोडली होती.

अर्जाला पहिलं उत्तर आलं ते एक फॉर्म चुकीचा आहे म्हणून. दुसरा फॉर्म गेला. मग हयातीचा दाखला मागितला. मी जिवंत आहे हे मी लिहून चालत नव्हतं, दुसऱ्याने लिहायला हवं होतं. मग दोन महिने काहीच नाही. बायकोचं, खतिजाचं, पत्र आलं की कागद राहू देत, डॉक्टर म्हणतो ते करा. मी तिला उलट टपाली झापलं. वीस वर्षं मला सोंगाड्या समजणारी ही, आता हिला डॉक्टरचा पुळका. तिने पुढच्या पत्रात गुडघ्याचा विषयच काढला नाही, आणि तेही मला लागलं.

सातव्या महिन्यात पत्र आलं. मुंबईला यायची गरज नाही, शारजाच्या छावणीत इंग्रज मिलिटरी डॉक्टर आहे, तो तपासून अहवाल पाठवेल. सत्तारभायांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी मला तयार करायला घेतलं. दाढी करू नकोस. जुना सदरा घाल. काठी हातातून सोडू नकोस. प्रत्येक पावलाला थांब. विचारलं तर आधी कण्ह, मग बोल. आणि केरळ्या डॉक्टरचा तो कागद घरी ठेव.

मी म्हटलं, मला खरंच दुखतंय सत्तारभाय, नाटक कशाला शिकवता. ते म्हणाले, खरं दुखणं कुणाला दिसत नसतं, दाखवावं लागतं.

त्या दिवशी पहाटे उठलो आणि काय केलं? दाढी केली. बुटांना पॉलिश केलं, तोंड दिसेल इतकं. इस्त्रीचा सदरा घातला आणि छातीला मेडलं लावली. सत्तारभाय कपाळाला हात लावून बसले. मी त्यांना म्हटलं, मिलिटरी डॉक्टरसमोर दाढी वाढवून जाणं माझ्याच्याने होणार नाही. कागदही सगळे घेतले. डिस्चार्जचं पुस्तक, पेन्शनचं पुस्तक, पत्रं, सगळं एका मेणकापडाच्या पाकिटात ठेवायची मला फौजेपासून सवय आहे. त्यातला एक काढून मागे ठेवणं मला जमत नाही.

शारजाला तेव्हा धड रस्ता नव्हता. लँडरोव्हरने वाळूतून जायचं, आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. छावणीच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. घाम पुसला. काठी बाकाला टेकवून ठेवली. सत्तारभायांनी सांगितलेलं सगळं मनात घोकत होतो. पाऊल, थांबा, कण्हा, बोला.

आतून अर्दलीचा आवाज आला, “हवालदार दाऊद!”

वीस वर्षांत मला हवालदार म्हणून कुणी हाक मारली नव्हती. मी उठलो. काठी बाकापाशीच राहिली, हे मला खोलीत शिरल्यावरसुद्धा कळलं नाही. ताठ चालत गेलो, टेबलासमोर टाचा जुळवून उभा राहिलो, हनुवटी वर. मेजर कागद वाचत होता. वर न बघता त्याने विचारलं, “एनी कम्प्लेंट्स, हवालदार?”

“नो कम्प्लेंट, सर!”

हे मी म्हणालो. मी. सात महिने ज्या एका प्रश्नाची वाट पाहिली त्या प्रश्नाला.

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना हे वेडेपणाचं वाटेल. लंगरात, जेवणाच्या वेळी, रोज साहेब यायचा आणि विचारायचा, कुछ शिकायत? डाळीत खडे असोत की रोटी कच्ची असो, उत्तर एकच. नो कम्प्लेंट, सर. आणि साहेबाच्या मागे हवालदार उभा असायचा, जवानांवर डोळे वटारून. तो हवालदार मीच होतो. किती पोरांच्या तोंडचं खरं मी असं परत ढकललं असेल, हिशेब नाही. लढाई संपल्यावर घरी सोडताना आमची तपासणी झाली तेव्हाही तेच झालं. जो ‘आहे’ म्हणेल त्याला पुन्हा इस्पितळात ठेवायचे आणि त्याची बोट चुकायची. उजवा गुडघा तेव्हाच ठणकत होता. मी म्हटलं, नो कम्प्लेंट, आणि बोटीत बसलो. म्हणून माझ्या पुस्तकात उजव्या पायासमोर लिहिलंय, काही नाही.

मेजरने काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, “थँक यू, हवालदार.” म्हणजे जा. मी आतून ओरडत होतो की थांब, बोल, सांग. अंगाने ऐकलं नाही. अंगाने पीछे मुड केलं. ज्यांनी कवायत केली आहे त्यांना माहीत आहे, पीछे मुड उजव्या टाचेवर होतं. सगळा भार उजव्या टाचेवर आणि वरून पिळा.

गुडघा अडकला आणि मी सरळ टेबलाच्या कडेवर पडलो. मेडलं खणखणली. मग मात्र मी ओरडलो, आणि काय ओरडलो ते सबंध व्हरांड्याने ऐकलं.

मेजर उठून आला आणि फरशीवर माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला. त्याने पायजमा वर केला, सूज पाहिली, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून मोजले. पाय सोडवायला त्याला बराच वेळ लागला. त्याला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. त्याने विचारलं की हे किती दिवस चाललंय. मी सांगितलं, सात महिने. मग ऑपरेशन का नाही केलं? दुखण्यामुळे असेल किंवा रागामुळे, मी खरं तेच बोललो. म्हटलं, तुम्हाला दाखवायचं म्हणून ठेवलं.

“मला?” तो म्हणाला. “सर्जनने काही लिहून दिलं नाही?”

मी पाकीट त्याच्यासमोर टाकलं. आता लपवायला राहिलंय काय! तो कागद घेऊन तो खिडकीपाशी गेला. डॉक्टरचं अक्षर दुसऱ्या डॉक्टरला बरोबर वाचता येतं. त्याने सगळं वाचलं, शेवटची ओळही वाचली असणार.

परत आला तेव्हा तो चिडलेला होता. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पहिल्या ओळीवर बोट ठेवून मला मोठ्याने वाचून दाखवली. तिथे लिहिलं होतं की डावा पाय लढाईतल्या जखमेने आखूड झाल्याने चाल बदलली, आणि त्यामुळेच उजव्या गुडघ्याची ही इजा झाली. मग खाली मोजमापं, एक्सरे, सगळं.

“तुमचा दावा या माणसाने सात महिन्यांपूर्वीच लिहून दिला होता,” मेजर म्हणाला. “हा कागद, आणि ऑपरेशनमध्ये जे आत सापडेल त्याचा अहवाल. याच्याहून मोठा पुरावा नाही. मी बाहेरून काय बघणार होतो?”

मी फरशीवरच बसलो होतो. मेणकापडाच्या पाकिटात सात महिने तो कागद माझ्या उशाशी होता. मी त्यातली एकच ओळ वाचली होती, जी मला झोंबली ती.

त्याच आठवड्यात मी इस्पितळात भरती झालो. सामान घेऊन गेलो. डॉक्टरांनी ‘बघा, मी म्हणालो होतो’ असं काही म्हटलं नाही. ते म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडू शकलो असतो. तोंडावर जाळीचा मुखवटा ठेवून त्यावर ईथर ओततात, गोडसर घाण वास, आणि आकडे मोजायला सांगतात. मी पोती मोजत होतो असं नंतर नर्सने सांगितलं.

जाग आली तेव्हा मांडीपासून पोटरीपर्यंत कापसाचं आणि बँडेजचं उशीएवढं गाठोडं होतं. दुसऱ्या दिवसापासून नर्सने छळायला सुरुवात केली. क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा मोठा स्नायू, तो आवळायचा, सोडायचा, पाय सरळ ठेवून वर उचलायचा. तासातासाला. नाही केलं तर ती पलंगाशी उभी राहून डोळे वटारायची. ते डोळे माझ्या ओळखीचे होते. मी गप्प करायचो. तुम्हीही करा, कारण हा स्नायू झोपला तर पाय परत उभा राहत नाही.

डॉक्टरांनी बाटलीत घालून तो तुकडा मला दाखवला. सुक्या बोंबलाच्या तुकड्यासारखा होता, एवढासा. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

“हा काढला,” ते म्हणाले. “आता पाय अडकणार नाही. पण आत हाड उघडं पडलंय. ते पहिल्या दिवशी तसं नव्हतं.”

मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी सांगितलं, म्हणजे जिने जपून, फळी नाही, उकिडवं बसणं नाही, नमाज खुर्चीवर. कायमचं. सात महिन्यांपूर्वी केलं असतं तर, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो आणि लहान मुलासारखा रडलो. वॉर्डात सगळ्यांनी पाहिलं, बघू देत.

निकाल आला तेव्हा मी धक्क्यावर स्टुलावर बसून टॅली करत होतो. मालकाने ठेवून घेतलं, गलबतावर चढायला दुसरा माणूस घेतला. तो वरून आकडा ओरडतो, मी खाली खूण करतो. त्याचं मोजणं चुकतं, मला इथून दिसतं, पण वर जाता येत नाही. लिफाफा सत्तारभायांनीच धक्क्यावर आणून दिला. उजवा गुडघा डाव्या पायाच्या जखमेमुळे, मान्य. टक्के आम्ही धरले होते त्याहून जास्त. दुरुस्तीची शक्यता नाही म्हणून कायम.

त्या दिवशी खोलीत सत्तारभायांनी हलवा वाटला. “बघ,” सगळ्यांना म्हणाले, “आधी बोर्ड, मग सुरी. जमलं की नाही?” माझ्या हातात काठी होती आणि ती मी कशी आवरली ते मलाच ठाऊक. टक्के जास्त का आले हे त्यांना कळत नव्हतं आणि मला कळत होतं. ज्या सात महिन्यांनी हाड खाल्लं त्याच सात महिन्यांनी टक्के चढवले. त्या कागदावर माझा दावा जिंकलेला नाही, माझा गुडघा लिहिलेला आहे.

तेव्हा भावांनो, कुणी तुम्हाला दुखणं जपून ठेवायला सांगितलं तर त्याच्या तोंडावर दार लावा. डॉक्टरकडून आधी लिहून घ्या, पहिल्या भेटीतच. कशामुळे झालं ते त्यात हवं. दावा लावा, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनला जा. दावा टपालात असताना तुमचा पाय तुमच्याजवळ असतो, त्याने थांबायची काही गरज नाही. आणि मिळालेला कागद पहिल्या ओळीपासून वाचा. चिडला असाल तर दुसऱ्याला वाचायला द्या.

निकालाचं पत्र घेऊन मी इस्पितळात गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. आभार मानायचे होते बहुतेक, पण तोंडातून निघेल की नाही याचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. “मिळालं तुम्हाला हवं होतं ते,” म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, मी शोधला. मग त्यांनी माझं कार्ड पुढे ओढलं, पेन उघडलं आणि मान खाली घालूनच, दिवसातून शंभरदा विचारतात तसं विचारलं, “एनी कम्प्लेंट?”

ते दोन शब्द माझ्या ओठांवर आले. टाचासुद्धा जुळल्या, खुर्चीत बसल्या बसल्या.

“आहे, डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. कुठे, असं विचारलं. मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, मग तो उचलून डाव्या नडगीवर नेला आणि इटलीतल्या त्या सकाळपासून सुरुवात केली. बाहेर बाकावर रांग होती. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि ऐकत बसले.